उसाच्या रानात भाजीचा एक गुंठा



या पानावर आम्ही एरवी लिहितो ते उसावर. बेणे कोणते घ्यावे, सरी किती फुटांची सोडावी, खोडव्याचे पाचट का जाळू नये, हुमणीचा बंदोबस्त कसा करावा, हे आपण वाचता आणि गटात भेट झाली की त्यावर आम्हांला चार गोष्टी सुनावताही. या खेपेला मात्र आम्ही एका गुंठ्याविषयी लिहिणार आहोत, आणि त्या गुंठ्यात ऊस नाही. मेथी आहे, दोडका आहे, शेवग्याची दोन झाडे आहेत आणि पहिली ते सातवीची पोरे आहेत.

"ऊस विकास अधिकाऱ्याला हा नसता उद्योग कुणी सांगितला?" असे काही सभासद म्हणतील. त्यांना एवढीच विनंती, की लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग जे बोलायचे ते खुशाल बोलावे.

दारात ऊस, ताटात काय?

सन २०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. कॅनॉलकाठच्या एका गावी आम्ही माती परीक्षणाचे नमुने घ्यायला गेलो होतो. दुपार झाली. सभासदाने आग्रह केला, म्हणून त्यांच्या वस्तीवर जेवायला बसलो. ताटात भाकरी, डाळीची आमटी, शेंगदाण्याची चटणी. जेवण गोडच लागले. पण घरातल्या आजी दारात उभ्या राहून ओशाळल्यागत म्हणाल्या, "सायेब, कालवणाला हिरवं काय बी न्हाई बघा. बाजार गुरवारी. आज मंगळवार. भाजी कुठनं आणू?"

आम्ही हात धुवायला उठलो. घराच्या तीन बाजूंना खोडवा उभा, चौथ्या बाजूला विहीर आणि मोटार. आम्ही हात धुतले ते पाणी मोरीतून वाहत जाऊन सरळ उसाच्या सरीत शिरत होते. चार एकर हिरवे रान, बारमाही पाणी आणि घरात भाजीची काडी नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

परत येताना आम्ही मुद्दाम वस्त्या बघत आलो. बहुतेक ठिकाणी तीच तऱ्हा. ऊस पार उंबऱ्यापर्यंत. पूर्वी जिथे आळूचा वाफा असे, तिथेही दोन सऱ्या वाढवलेल्या.

भाजी गेली कुठे?

याचा विचार करू लागलो तेव्हा आमच्याच खात्याकडे बोट वळले. ते लपवण्यात अर्थ नाही.

आमच्या लहानपणी उसाच्या लागणीत वरंब्यावर मका, कोथिंबीर, मुळा असे. पाटाच्या कडेला अंबाडी आणि मिरची, बांधावर तूर, शेवगा. भांगलणीला गेलेल्या बाया संध्याकाळी घरी येताना ओटीत तांदुळजा, घोळ, पाथरी, चाकवत घेऊन येत. शेताच्या दृष्टीने ते तण, पण चुलीच्या दृष्टीने ती भाजी, आणि तीही फुकटची. घरच्या बाईचे आणि पोरांचे अर्धे जीवनसत्त्व त्या ओटीतून येत होते, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते.

पुढे भांगलणीला माणूस मिळेना. मजुरी परवडेना. मग आम्ही तणनाशकाची शिफारस केली. ती चुकीची होती असे आम्ही आजही म्हणत नाही. तणाने उसाचे उत्पादन मार खाते, हे खरेच आहे. पण तणनाशक मारले की तांदुळजा आणि घोळही गेली, वरंब्यावरची कोथिंबीरही गेली. त्या जागी ताटात काय येणार, याचा हिशेब आमच्या शिफारशीत नव्हता. एकरी टन मोजणे आमचे काम. ताट मोजणे कुणाचेच काम नव्हते.

त्याच वर्षी जूनमध्ये, शाळा उघडल्यावर, आरोग्य केंद्राच्या पथकाने त्या गावच्या शाळेत मुलामुलींचे रक्त तपासले. गुरुजींनी यादी दाखवली. रक्त कमी म्हणून ज्यांच्या नावापुढे खूण होती, त्यांत ऊसतोडीवर किंवा रोजंदारीवर जाणाऱ्यांचीच मुले असतील असे आम्ही धरून चाललो होतो. तसे नव्हते. एकरी साठ टन काढून ज्यांनी गटात नाव मिळवले, त्यांचीही मुलगी त्या यादीत होती. आम्ही गप्प बसलो.

हे एका गावाचे दुखणे नाही. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के, तर सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयी आढळली. म्हणजे दहा बालकांत जवळपास सात. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात. जंत असतात, आजारपण असते, लागोपाठची बाळंतपणे असतात. त्यासाठी गोळ्या आहेत, दवाखाना आहे, आणि ते सोडून केवळ मेथीवर भरवसा ठेवा असे आम्ही सांगत नाही. पण आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? रोजच्या जेवणात हिरवे पान, कडधान्य आणि लिंबाची फोड असेल तर औषधालाही बळ येते. लिंबातले क जीवनसत्त्व पालेभाजीतले लोह अंगी लागायला मदत करते, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा ते लोह वाया घालवतो. एवढे शास्त्र प्रत्येक घरात ठाऊक असावे.

कल्पना नवी नाही

शाळेत बाग करून मुलांना शिकवावे, ही कल्पना आम्ही शोधून काढलेली नाही. सन १९३७ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि तिथून 'नई तालीम' निघाली. हाताने काम करता करता अक्षर आणि गणित शिकावे, हा तिचा गाभा, आणि त्या कामात शेती-बागकामही होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, १९५७ साली ते कोसबाडला नेले आणि गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी थेट कुरणात शाळा भरवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या कामाजवळ जावे, हा त्यांचा धडा.

आपल्या कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. दहा गुंठ्यांत पाच माणसांच्या कुटुंबाची गरज भागू शकते, हे ते गणित मांडून सांगत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या परसात गावरान वाणांचे बियाणे जपले आणि त्या कामासाठी त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडे कसली पदवी नव्हती. आम्ही शेतकी पदविका घेतलेले; पण वालाच्या बियांचे जितके प्रकार त्या माउलीला ठाऊक आहेत, तितके आम्हांला नाहीत.

शासनाचेही पाठबळ आहे. शाळेतल्या दुपारच्या जेवणाची योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. सन २०२१ पासून तिला 'पीएम पोषण' म्हणतात. या योजनेत शाळांनी परसबाग करावी, अशा सूचना केंद्र शासनाने २०१९ साली दिल्या. योजनेच्या प्रमाणाप्रमाणे पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी मिळाली पाहिजे. समजा, शाळेत लहान ४० आणि मोठी २० मुले आहेत. तर रोजची भाजी झाली साडेतीन किलो. आठवड्याच्या बाजारातून आणलेली भाजी तिसऱ्या दिवशी सुकते. मग राहतो बटाटा नि कांदा.

तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट

गुरुजी, शाळेतल्या बाई आणि आम्ही मिळून ठरवले, की शाळेमागची पडीक जागा साफ करायची. जागा मोजली तर ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे बरोबर एक गुंठा! सातवीच्या मुलांना गुंठ्याचे क्षेत्रफळ टेपाने मोजायला लावले. १०८९ चौरस फूट हे उत्तर त्यांनी पाठ केले नाही, चालून काढले.

वाफे अडीच फूट रुंद ठेवले. मोठ्यांच्या बागेत तीन-चार फूट चालतात, पण मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर ते वाफ्यात पाय देते. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट. उत्तरेच्या कडेला शेवगा, पपई, कढीपत्ता आणि लिंबू. म्हणजे झाडांची सावली वाफ्यांवर पडत नाही. कुंपणावर दोडका, कारले, घोसाळी आणि वाल. मध्ये पालेभाज्या, भेंडी, गवार, वांगी, टोमॅटो, मिरची. हात धुण्याचे पाणी जिथून वाहते तिथे आळू आणि दोन केळी.

कारखान्याचे प्रेसमड कंपोस्ट गुंठ्याला अडीचशे किलो घातले. पाचट कुट्टी करून आच्छादनाला वापरले. प्रत्येक वाफा एकेका वर्गाला दिला आणि प्रत्येक वर्गाबरोबर तीन-चार घरे जोडली. हे घरे जोडणे महत्त्वाचे. नुसती शाळेची बाग म्हटली की ती गुरुजींची होते, आणि गुरुजींची बदली झाली की बागेचीही होते.

पहिल्याच दिवशी एक आजोबा काठी टेकत आले आणि पोरांना म्हणाले, "आरं, भेंडीचं बी रात्री भिजत घालायचं अस्तंय, तवा लवकर उगवतंय." आम्ही पुस्तक घेऊन गेलो होतो, ते मिटून ठेवले.

त्या वर्षीचा पावसाळा आपल्याला आठवत असेल. पाऊस उशिरा आला आणि ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे शंभर लिटर. रोजचे चार-पाच मिलिमीटर कुठून आणायचे? मुलांनीच मार्ग काढला. जेवणाआधी आणि जेवणानंतर हात धुण्याचे पाणी पन्हळीने एका टाकीत घेतले. कमी पडले तर शेजारच्या सभासदाने मोटारीचे पाणी सोडले. ऑगस्टअखेर पहिली मेथी निघाली. त्या दिवशी खिचडीत मेथी पडली, आणि एरवी पालेभाजी बाजूला काढणारी पोरे ताट पुसून उठली. "ही आमच्या वाफ्यातली," म्हणून भांडणेसुद्धा झाली.

आमची चूक

आता जे घडले ते सांगितले पाहिजे.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गुरुजींचा निरोप आला, की बागेला रोग पडला आहे, ताबडतोब या. जाऊन पाहिले तर टोमॅटोची पाने दोरीसारखी वळलेली, दोडक्याचे शेंडे पिळवटलेले, भेंडीचे पान फाटून पंजासारखे झालेले. पोरे वाफ्यांच्या कडेला उभी. कुणी म्हणत होते विषाणू, कुणी म्हणत होते दृष्ट लागली. आम्ही पाहिल्याबरोबर ओळखले. हा रोग नव्हता. शाळेच्या कुंपणापलीकडे आडसाली लागण होती आणि दोन दिवसांपूर्वी तिथे २,४-डी ची फवारणी झाली होती. दुपारची वेळ, शाळेच्या दिशेने वारा. आणि त्या सभासदाला ते औषध, ते प्रमाण लिहून देणारी चिठ्ठी आमच्याच सहीची होती. वाऱ्याविषयी आणि शेजारच्या बागेविषयी त्या चिठ्ठीत अवाक्षर नव्हते.

चौथीतल्या एका मुलीने विचारले, "साहेब, औषध उसाला मारलं, मग आमचा दोडका कसा मेला? आणि ऊस कसा नाही मेला?"

प्रश्न बिनतोड होता. आम्ही तिथेच बसून सांगितले. ऊस हा गवताच्या कुळातला, एकदल. २,४-डी हे रुंद पानाच्या, द्विदल तणांना मारण्यासाठी आहे. आता दोडका, टोमॅटो, भेंडी, गवार, वाल ही सारी रुंद पानाचीच. औषधाला तण कोणते आणि भाजी कोणती हे कळत नाही. वाऱ्यावर उडालेला बारीक तुषारसुद्धा त्यांना पुरतो. आणि या औषधाचा एस्टर प्रकार असेल तर उन्हात त्याची वाफ होऊन ती आणखी लांब जाते.

"मग तुम्ही सांगितलं का नाही त्यांना?" ती म्हणाली.

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. "चुकलं," एवढेच म्हणालो.

औषध लागलेली भाजी मुलांच्या पोटात जाऊ नये म्हणून सगळी झाडे उपटून खड्ड्यात पुरली. मेथीचा नवा उतारही गेला. दोन महिन्यांची मेहनत एका दुपारी गेली. पहिलीतली पोरे रडली, आणि खरे सांगायचे तर मोठ्यांचेही चेहरे बघवत नव्हते. बाग बंद पडणार, अशी आमची खात्री झाली होती.

ती वाचली ती त्याच सभासदामुळे. संध्याकाळी ते शाळेत आले, कारण त्यांची नात तिसरीत, तिचाही वाफा गेलेला. म्हणाले, "गुरुजी, कुंपणाकडच्या आठ सऱ्या आमी आता खुरप्यानंच भांगलू. औषध तिकडं न्हाई." आणि त्यांनी ते आजवर पाळले आहे. त्या आठ सऱ्यांमध्ये पुढे तांदुळजा पुन्हा दिसू लागला. घरच्या बाया तो खुडून नेतात.

आमच्या विभागानेही त्यानंतर फवारणीच्या चिठ्ठीवर चार ओळी वाढवल्या आहेत. त्या इथे देतो:

१. शेजारी भाजी, द्राक्ष, कापूस किंवा कडधान्य असेल तर २,४-डी शक्यतो टाळावे. टाळता येत नसेल तर एस्टर प्रकार मुळीच वापरू नये.

२. फवारणी सकाळी, वारा शांत असताना करावी. वारा बागेकडे असेल तर त्या दिवशी पंप उचलूच नये.

३. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा. धुतला तरी तोच पंप भाजीवर चालवू नये.

४. घरालगतच्या आणि शाळेलगतच्या सऱ्या खुरप्याने भांगलाव्यात.

टोळीची पोरे

ऑक्टोबरात बाग पुन्हा लावली. पालक, मेथी, मुळा, गाजर, कोथिंबीर, शेपू, घेवडा. नोव्हेंबरात गळीत सुरू झाले आणि टोळ्या आल्या. कोप्या पडल्या. त्यांतली सात-आठ मुले गुरुजींनी मुकादमाशी बोलून शाळेत आणली. ही पोरे येतात आणि चार-पाच महिन्यांत जातात. त्यामुळे पटावर असूनही ती कोणत्याच गावची नसतात. त्यांच्या पालांवर जाऊन पाहा. पहाटे तीनला आई-बाप फडात जातात, मागे राहते शिळी भाकरी आणि मिरचीचा ठेचा. आपला ऊस वेळेवर तुटावा म्हणून ही मुले तसे दिवस काढतात.

बाईंनी त्यांना एक पूर्ण वाफा दिला. त्यांच्यासाठी पिके निवडली ती दिवस मोजून: मेथी आणि पालक महिन्या-सव्वा महिन्यात, मुळा आणि शेपू चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. कोप्यांजवळही खताच्या रिकाम्या गोण्या स्वच्छ धुऊन, त्यांत माती आणि कंपोस्ट भरून मेथी टाकली. फेब्रुवारीपर्यंत दोन-तीन उतार मिळाले. एका मुकादमाने सांगितले, की इतक्या वर्षांत कोपीवर हिरवी भाजी पहिल्यांदा शिजली.

त्यांतली एक दहा-अकरा वर्षांची मुलगी. तिने आपल्या रांगेतली थोडी कोथिंबीर कापू दिली नाही. बी धरायची म्हणून राखली. मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला आणि टोळी ट्रॅक्टरवर चढली, तेव्हा धने अजून हिरवे होते. जाताना ती बाईंना म्हणाली, "बाई, माझं बी वाळलं की ठेवा. मी दिवाळीनंतर येते."

बाईंनी ते बी वाळवून, राख लावून बरणीत भरले आणि वर चिठ्ठी चिकटवली. पुढच्या हंगामात ती टोळी आपल्याकडे आली नाही. दुसऱ्या कारखान्याला गेली असे कळले. बाईंनी बरणीतले निम्मे बी नव्या टोळीच्या मुलांना पेरायला दिले. निम्मे ठेवले आहे.

मे महिना आणि इतर अडचणी

शाळेची बाग मरते ती मे महिन्यात. सुट्टी लागते, पोरे मामाच्या गावाला जातात, कॅनॉलचे आवर्तन लांबते. सन २०२४ च्या मेमध्ये आम्ही जोडलेल्या घरांना पाळी लावून दिली, दर आठवड्याला तीन घरे. पालेभाजी काढून टाकली, फक्त झाडे, आळू आणि वेल जगवले, बाकी वाफ्यांवर पाचटाचा जाड थर. ज्या घराने पाणी घातले, त्या आठवड्याचा शेवगा त्याच घराचा. पाळी कुणी चुकवली नाही असे नाही. पण बाग जगली. शेवगा मात्र दरवर्षी छाटून ठेंगणा ठेवावा, नाहीतर शेंगा आभाळाला लागतात आणि पोरे झाडावर चढतात. शेवग्याचा पालाही भाजीला वापरा, तो शेंगेपेक्षा जास्त पौष्टिक आहे.

किडीसाठी निंबोळी अर्क पुरतो. अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवून, गाळून दहा लिटर पाण्यात. मुलांच्या हाती दुसरे कोणतेही औषध देऊ नये. दुकानातल्या पुडीतले रंगीत बी हे औषध चोळलेले असते. ते मुलांना हाताळायला देऊ नका आणि उरलेले स्वयंपाकघरात ठेवू नका. कीटकनाशकाचे रिकामे डबे झारी म्हणून वापरण्याची खोड आपल्याकडे फार आहे. ती आजच्या आज बंद करा.

हिशेब

आता व्यवहाराचे बोलू. एकरी ४० टन धरले तर गुंठ्याला ऊस एक टन. सन २०२५-२६ च्या हंगामासाठी रास्त आणि किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते, खत, पाणी, बेणे वेगळे. एक गुंठा भाजीला सोडला तर बुडते ते एवढेच.

दुसऱ्या बाजूचा आकडा आमच्याकडून घेऊ नका, घरच्या बाईला विचारा. बाजारात दर आठवड्याला भाजीला किती जातात? दोनशे म्हणाल्या तर वर्षाला झाले १०,४००. त्यातला निम्मा भार जरी परसबागेने उचलला, तरी उसापेक्षा तो गुंठा हरला नाही. पोरांच्या अंगावर चढलेले रक्त हिशेबात धरलेलेच नाही.

सगळी भाजी एकदम पेरू नये. मेथीच्या वाफ्याचे चार भाग करून दर आठवड्याला एक पेरावा, म्हणजे ताटात रोज काहीतरी येते. पालेभाजीनंतर शेंगवर्गी, त्यानंतर फळभाजी, मग मुळा-गाजर अशी फेर बदलावी. गावरान वाणाचे दोन-तीन वेल बियांसाठी राखावेत. बचत गटाच्या भगिनींनी बियांची देवाणघेवाण केली तर पुडीचा खर्चही वाचतो.

विनंती

प्रत्येक सभासदाने येत्या लागणीत घरालगतचा एक गुंठा ऊस न लावता सोडावा. एक जमत नसेल तर अर्धा सोडा. ज्यांच्या रानाशेजारी शाळा किंवा अंगणवाडी आहे, त्यांनी फवारणीआधी वारा पाहावा आणि गुरुजींना निरोप द्यावा. ज्यांच्या रानात टोळीच्या कोप्या पडतात, त्यांनी दोन सऱ्यांपुरती जागा आणि पाणी त्या मुलांना द्यावे. प्रेसमड कंपोस्टसाठी आणि वाफ्यांच्या आखणीसाठी आपल्या गट कार्यालयात ऊस विकास विभागाच्या कर्मचाऱ्याला भेटावे. शाळेच्या बागेला आम्ही स्वतः येऊ.

आणि ज्या आजींच्या घरी आम्ही जेवलो, त्यांच्या मोरीचे पाणी आता उसात जात नाही. गेल्या श्रावणात पुन्हा गेलो होतो. आळूची पातळ भाजी वाढून म्हणाल्या, "सायेब, आज मंगळवारच हाय, बरं का."

आपला,
ऊस विकास अधिकारी